दुरुस्ती की निवृत्ती? घरच्या गेमिंग संगणकाचा अवघड प्रश्न

२०२५ ची भाऊबीज. नाशिकला मामांच्या घरी दोन्ही बहिणी आपापल्या कुटुंबासह जमल्या होत्या. थोरली ठाण्याची, धाकटी इंदूरची. जेवणे आटोपली, पानसुपारी झाली आणि थोरलीच्या इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाने योग्य वेळ साधून विषय काढला.

“बाबा, आता नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल. विंडोज दहा बंद झालं.”

“बंद झालं म्हणजे? काल रात्रीच तुझी आई त्यावर टॅली करत होती.”

“तसं बंद नाही हो. कंपनीनं सोडून दिलं त्याला.”

“कंपनीनं सोडलं की तुझा गेम अडकायला लागला?” बाबांनी नेमके विचारले. सगळे हसले. मुलगा मात्र गप्प झाला, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

इंदूरच्या मावसभावाचेही दुखणे तेच होते. त्याचा संगणक २०१९ चा, ठाण्याचा २०१७ चा. दोन्ही संगणक मुलांच्या हट्टापायी ग्राफिक्स कार्ड टाकून, सुटे भाग जुळवून तयार करून घेतलेले. दोन्ही आता कुरकुरत होते. इंदूरच्या काकांनी तर तो भंगारात काढायचे जवळजवळ ठरवले होते. त्यावर मामी पटकन म्हणाल्या, “फ्रीजच्या दाराचं रबर गेलं म्हणून कुणी फ्रीज फेकून देतं का?”

ठाण्याच्या घरात मात्र हा हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नव्हता. बोनसची रक्कम हाताशी होती, पण जानेवारीत थोरल्या मुलीच्या सी.ए. च्या शिकवणीची फी भरायची होती. नवाकोरा संगणक घ्यायचा तर फी पुढे ढकलावी लागली असती. आणि काहीच केले नाही, तर ज्या संगणकावर आई तीन दुकानांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार करते, तोच असुरक्षित राहिला असता.

अशा वेळी मुले म्हणतात ‘नवा घ्या’, वडील म्हणतात ‘आहे तो चालतोय’ आणि दुकानदार जे खपवायचे असेल ते सुचवतो. खरे तर याचे उत्तर संगणकाला विचारले तर तोच देतो. फक्त प्रश्न नीट विचारता आले पाहिजेत.

आधी दुखणे ओळखा

‘संगणक स्लो झाला’ हे वाक्य डॉक्टरांना ‘बरे वाटत नाही’ असे सांगण्यासारखे आहे. त्यावरून औषध देता येत नाही. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे लागतात का? गेम उघडायला वेळ लागतो, पण एकदा उघडला की बरा चालतो का? की खेळताना चित्र अडखळते? या तीन तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी असतात.

सुरू व्हायला आणि गेम उघडायला वेळ लागत असेल तर पहिला संशय जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. तिच्या जागी एसएसडी बसवली तर दहा वर्षांचा संगणकही तरुण झाल्यासारखा वाटतो. शिवाय आता अनेक मोठे गेम एसएसडी गृहीत धरूनच बनवले जातात. ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या किमान गरजांमध्ये सप्टेंबर २०२३ पासून एसएसडी आहे, ‘बाल्डर्स गेट ३’ लाही ती लागते.

खेळताना चित्र अडखळत असेल तर मात्र थोडी तपासणी हवी. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ या भागात प्रत्येक अवयव किती राबतो आहे ते दिसते. ग्राफिक्स कार्ड ९५ ते १०० टक्के राबत असेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर कार्ड कमी पडते आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आरामात बसले असेल आणि चित्र अडखळत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडते आहे.

याची आणखी एक सोपी पडताळणी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे रिझोल्यूशन कमी करावे. वेग वाढला तर दोष ग्राफिक्स कार्डाचा. जराही फरक पडला नाही तर दोष बहुधा प्रोसेसरचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोसेसरचा एकूण आकडा ६० टक्केच दिसला म्हणजे तो मोकळा आहे असे नाही. पुष्कळ गेम एक-दोन कोरवरच सगळा भार टाकतात. सहापैकी एक कोर घामाघूम आणि बाकीचे निवांत, असा तो प्रकार असतो.

आधी फुंकर, मग खर्च

पैसे खर्च करण्यापूर्वी एक रविवार संगणकाला द्यावा. वर्षानुवर्षे न उघडलेल्या कॅबिनेटमध्ये धुळीचा थर साचतो, पंख्यातून हवा जात नाही आणि आतला भाग तापतो. तापलेला प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप वेग कमी करते. मे महिन्यात नागपूरला किंवा इंदूरला दुपारी अडकणारा गेम जानेवारीत सुरळीत चालत असेल, तर दोष बहुधा उष्णतेचाच समजावा.

प्लग काढून, कॅबिनेट उघडून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून खराब होऊ शकते. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामधली थर्मल पेस्ट पाच-सहा वर्षांत सुकते. ती बदलून घेण्याचा खर्च अगदी थोडा असतो.

रॅमही पाहून घ्यावी. पुष्कळ घरांत ८ जीबीची एकच पट्टी असते. तिच्याच जोडीची दुसरी ८ जीबीची पट्टी लावली तर रॅम दुप्पट होतेच, शिवाय दोन पट्ट्या एकत्र काम करू लागल्याने माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. मॉनिटरकडेही लक्ष द्यावे. तो ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० हून अधिक चित्रे दाखवूच शकत नाही. शंभर चित्रांसाठी महागडे कार्ड घेणे म्हणजे गल्लीत चालवायला शर्यतीची मोटार घेण्यासारखे आहे.

कंपनीने हात काढून घेतला की

ठाण्याच्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. त्याचा अर्थ संगणक बंद पडतो असा नाही. पण त्यानंतर नव्याने सापडणारी सुरक्षेची भोके बुजवली जात नाहीत. घरगुती ग्राहकांना जादा मुदतीच्या योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय कंपनीने ठेवली. ही सवलत म्हणजे विचार करायला मिळालेले एक वर्ष होते, कायमचा उपाय नव्हे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, एएमडीचा असेल तर बहुतेक करून रायझन २००० मालिका किंवा पुढची. त्याआधीच्या प्रोसेसरवर आडमार्गाने विंडोज ११ बसवणारे पुष्कळ आहेत, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नुसते गेम खेळणाऱ्याने तो धोका पत्करला तर एक वेळ चालेल. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तो पत्करू नये.

ग्राफिक्स कार्डालाही वय असते. एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांना, नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देण्याचे जाहीर केले. सुरक्षेपुरते अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. जुने गेम त्यावर चालत राहतात. पण डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ यांसारख्या गेमना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असावी लागते. ती जुन्या कार्डात नाही आणि कोणत्याही सेटिंगने येत नाही.

पाया कोणता, माळा कोणता

ज्याप्रमाणे घराचा पाया किती भार पेलेल यावर वरचे मजले ठरतात, त्याचप्रमाणे मदरबोर्डवर संगणकाचे भवितव्य ठरते. त्यावर कोणता प्रोसेसर बसेल आणि कोणती रॅम लागेल हे आधीच ठरलेले असते. म्हणून ‘संगणक किती वर्षांचा?’ या प्रश्नापेक्षा ‘मदरबोर्ड कोणता?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

दोन बहिणींच्या घरचे संगणक जेमतेम दोन वर्षांनी लहानमोठे. पण तपासणी केली तेव्हा उत्तरे अगदी वेगळी आली.

इंदूरच्या संगणकात बी४५० मदरबोर्ड, रायझन ५-२६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० हे ६ जीबीचे कार्ड होते. मुलगा मुख्यतः ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणारा. खेळताना कार्ड ६० टक्क्यांच्या वर जात नव्हते. रिझोल्यूशन उतरवून पाहिले, वेग तेवढाच राहिला. म्हणजे प्रोसेसर दमला होता, कार्डाची काहीच चूक नव्हती.

येथे नशिबाने साथ दिली. एएमडीने एएम४ नावाची बैठक अनेक वर्षे कायम ठेवली. त्यामुळे २०१८ मध्ये आलेल्या बी४५० बोर्डावर, बायोस अद्ययावत केल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५-५६०० प्रोसेसर बसतो. दोन्हींत कोर सहाच आणि दोन्ही ६५ वॅटचे, पण नव्याचा प्रत्येक कोर बराच चपळ. रॅम तीच, कार्ड तेच, एसएमपीएसही तोच. बदलायचा फक्त एक भाग.

पथ्य एकच. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. आधी नवा बसवला तर संगणक त्याला ओळखणारच नाही आणि पडदा काळा राहील. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याची भीती असते, म्हणून ते यूपीएसवरच करावे. ‘विंडोज ११ चालणार नाही’ अशी जी सूचना इंदूरला येत होती, तिचे कारणही भलतेच निघाले. टीपीएमची सोय बोर्डात होती, बायोसमध्ये ती कुणी चालूच केली नव्हती. भंगारात जाणारा संगणक अशा रीतीने वाचला.

ठाण्याचा मधला मार्ग

ठाण्याच्या संगणकाचे दुखणे खोलवरचे होते. इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४००, चार कोरचा. ८ जीबी रॅमची एक पट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे कार्ड आणि जुनी हार्ड डिस्क. त्या बोर्डावर फार तर त्याच पिढीचा आय७-७७०० बसला असता, तोही जुन्या बाजारातून शोधून. आणि एवढे करून विंडोज ११ च्या यादीत तो नाहीच.

अशा संगणकात महागडे ग्राफिक्स कार्ड टाकणे ही नेहमीची चूक. कार्ड धावू पाहते, प्रोसेसर त्याला दामटून बसवतो आणि निम्मे पैसे वाया जातात.

मग सगळाच संगणक नवा घ्यायचा का? तसेही नाही. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचा, बाकीचे जमेल तितके ठेवायचे, असा एक मधला मार्ग आहे. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स मापामुळे सुट्या भागांच्या संगणकात जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बहुधा बसतो. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठीचे काही बोर्ड डीडीआर५ रॅमचे आहेत, तर काही डीडीआर४ चे. डीडीआर४ चा बोर्ड निवडला तर जुनी रॅम वापरता येते. एएमडीच्या सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बैठकीत ही सोय नाही, तिला डीडीआर५ च लागते.

हा तपशील २०२५ च्या अखेरीस फार मोलाचा ठरला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी एवढी वाढली की रॅमचे भाव भराभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशल’ या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. अशा दिवसांत कपाटात पडलेली डीडीआर४ ची पट्टी म्हणजे जुने सोने.

ठाण्याच्या घरात कागद-पेन घेऊन हिशेब झाला. डीडीआर४ चा बोर्ड, सहा कोरचा आय५-१२४००एफ, एक एसएसडी, रॅमची आणखी एक पट्टी आणि नवा एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड मात्र आत्ता नाही. खर्च नव्या गेमिंग संगणकाच्या निम्म्याहून कमी आला.

“आणि कार्ड?” मुलाचा चेहरा उतरला.

“ते तुझ्या इंटर्नशिपच्या पैशातून,” बाबा म्हणाले. “तोवर जुन्या कार्डावर खेळ. ताईची फी वेळेवर जाईल आणि आईचं कामही सुरक्षित होईल.”

मुलाने थोडा वेळ विचार केला आणि मान डोलावली. आपण ‘अभ्यासासाठी’ म्हणून जे सांगत होतो ते आता खरे करून दाखवावे लागणार, हे त्याला कळले होते.

एसएमपीएस आणि यूपीएस विसरू नका

सगळ्यांचे लक्ष प्रोसेसर आणि कार्डाकडे असते. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे कुणी पाहत नाही. आठ-नऊ वर्षे भारतातल्या चढउताराच्या विजेवर चाललेला स्वस्त एसएमपीएस नव्या भागांना जोडणे जोखमीचे. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत आणखी एखादा भाग घेऊन जातो.

कार्ड निवडतानाही वॅट पाहावेत. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप ७० वॅटवर चालते, त्याला बहुधा वेगळी वायरही जोडावी लागत नाही. घरातला यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. मोठे कार्ड टाकल्यावर गेमच्या ऐन रंगात यूपीएस किंचाळू लागला, तर त्यात नवल नाही.

विजेचे बिलही धरावे. गेम खेळताना ३०० वॅट लागणारा संगणक रोज तीन तास चालला, तर महिन्याला २७ युनिट होतात.

बाजारात जाताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस.पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथे एकाच फेरीत अनेक दुकाने पाहता येतात. जाताना चिठ्ठीवर मदरबोर्डचे पूर्ण नाव, एसएमपीएसचे वॅट आणि कॅबिनेटची आतली लांबी लिहून न्यावी. लांब कार्ड कॅबिनेटमध्ये बसतच नाही, असे घरी आल्यावर कळणे फार त्रासाचे. दोन-तीन दुकानांत दर विचारावेत, ऑनलाइन भावाशी ताडून पाहावेत आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. थोडे पैसे वाचतात म्हणून बिल सोडले तर पुढे वॉरंटी मागताना पंचाईत होते.

वापरलेले कार्ड स्वस्त मिळते, पण जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड घ्यायचेच असेल तर समोर अर्धा तास गेम चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून, तापमान पाहूनच घ्यावे.

नामांकित कंपनीचा तयार संगणक असेल तर आधी चौकशी करावी. काहींचा बोर्ड आणि एसएमपीएस खास मापाचा असतो, बाजारातला भाग त्यात बसत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये तर बहुधा रॅम आणि एसएसडी एवढेच बदलता येते.

बोर्ड बदलण्याआधी दोन कामे विसरू नयेत. एक, सगळ्या हिशेबांची, फोटोंची आणि प्रोजेक्टची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. दुसरे, विंडोजचा परवाना तपासावा. संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला असेल तर नव्या बोर्डावर नेता येतो.

निरोप कधी द्यावा

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड या चारांपैकी एकच कमी पडत असेल तर तो बदलावा. दोन कमी पडत असतील तर हिशेब मांडावा. तीन बदलावे लागत असतील, किंवा सुट्या भागांचा खर्च नव्या संगणकाच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर जुन्याला सन्मानाने निरोप द्यावा. हा नियम नव्हे, ठोकताळा आहे. पण दुकानदाराच्या गोड बोलण्यापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे.

निरोप म्हणजे भंगारवाल्याला किलोवर देणे नव्हे. संगणकाच्या भागांत शिशासारखे घातक पदार्थ असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवेत. देण्यापूर्वी डिस्क पूर्ण पुसावी. चालू स्थितीतला जुना बोर्ड आणि प्रोसेसर मात्र एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या कामी येऊ शकतो.

ठाण्यात डिसेंबरातल्या एका रविवारी कॅबिनेट उघडले गेले. आत आठ वर्षांची धूळ होती. मुलाने बोर्ड बसवला, ताईने टॉर्च धरला, बाबांनी स्क्रू वाटीत जमा केले. संध्याकाळी पडदा उजळला तेव्हा मुलाने माउसकडे हात नेला, पण आईने तो हळूच बाजूला सारला.

“थांब जरा. आधी माझी टॅली नीट उघडते का ते बघू.”

ती उघडली, पूर्वी कधी उघडली नव्हती इतक्या झटकन. मग आईने खुर्ची सोडली आणि म्हणाली, “बस आता. पण आठ वाजेपर्यंतच हं.”